चोपन्न फूट फिल्म

घडीच्या पत्र्याच्या खुर्च्या शहाण्णव. पुढे मधोमध लाकडी, हातांची खुर्ची एक. खिडक्या अकरा, अकराही काळ्या कापडानं झाकलेल्या. दारं दोन. सोळा मिलिमीटरचा प्रोजेक्टर एक. फिल्मचे डबे सात. चौथ्या डब्यात बबनची फिल्म... तीनशे साठ फूट, मधे एक जोड.

हे सगळं शालननं स्वतः मोजून वहीत लिहिलं होतं. वही आजही आहे. कुणाला पटो न पटो, जे घडलं तेच पुढे सांगितलंय.

तारीख १५ डिसेंबर १९९१, रविवार. ठिकाण अंबरनाथ, कामगार वसाहतीच्या मागचा हॉल. आणि रात्र नव्हती. बाहेर लख्ख ऊन होतं.

शालन बीएस्सी झालेली, चोवीस वर्षांची, एका रंगाच्या कारखान्याच्या लॅबमध्ये नोकरीला. तिची नोकरी हिंदुरावदादांच्या चिठ्ठीवर लागली होती. दादा या हॉलमध्ये दरवर्षी भरणाऱ्या फिल्म महोत्सवाचे अध्यक्ष. प्रोजेक्टर चालवायचा गुरुदत्त. फिल्म कापणं, जोडणं, मोजणं हे काम शालनचं.

महोत्सवाचं नाव ‘सगळ्यांचा पडदा’. तिकीट नाही. जात, भाषा विचारायची नाही. उल्हासनगरचे सिंधी दुकानदार यायचे, बौद्धवाड्यातल्या बाया यायच्या, मुक्या-बहिऱ्यांच्या शाळेतली पोरं यायची. पहिल्या रांगेत तृतीयपंथी बसले तरी कुणी ‘उठा’ म्हणायचं नाही.

नियम एकच.

लाकडी खुर्चीत फक्त ज्याची फिल्म, तोच बसणार.

फिल्मवर आवाज भरायला पैसे कुणाकडे होते? म्हणून पिक्चर मुका चालायचा आणि तो काढणारा त्या खुर्चीत बसून माइकवर बोलायचा. चित्र आणि बोलणं बरोबर जुळायचं. सगळ्यांनी घरी घड्याळ लावून तालीम केलेली असायची.

बबननंही केली होती.

बबन विठ्ठलवाडीच्या डेपोत मेकॅनिक. त्याची आई रखमा बदलापूरला, मांजर्लीच्या खालच्या अंगाला, नदीकाठच्या झोपडीत राहायची. नव्वदच्या पावसाळ्यात नदी चढली. हिंदुरावदादा होडी घेऊन निघाले आणि जाताना बबनच्या हातात महोत्सवाचा कॅमेरा दिला.

“माझं मदतकार्य नीट घे हां. पुढच्या निवडणुकीला उपयोगी पडेल.”

बबन समोरच्या इमारतीच्या गच्चीवर उभा राहिला. होडी आई चढून बसलेल्या झोपडीच्या पत्र्याकडेच चाललेली दिसली, म्हणून त्यानं कॅमेरा लावला.

रखमानं हात पुढे केला.

होडीत दादांच्या भावाचा टीव्ही होता, निळ्या प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला. जागा नव्हती. दादांनी बांबू पत्र्याला टेकवला आणि होडी मागे ढकलली.

रखमा परत कुणाला दिसली नाही.

त्याच वर्षी डिसेंबरात बबननं ती फिल्म महोत्सवाला दिली. चारशे चौदा फूट. साडेअकरा मिनिटं.

“शालन बाळा,” दादा म्हणाले, “मधलं तेवढं काढून टाक. महोत्सव सगळ्यांचा आहे. भांडणं लावायला नाही काढलेला.”

“पण दादा, बबनला विचारू ना?”

“तुला नोकरीला लावताना मी कुणाला विचारलं होतं?”

शालननं कापलं. चोपन्न फूट. नव्वद सेकंद. दादांनी तो तुकडा हॉलमागे तिच्यासमोर जाळला. असली फिल्म भडकत नाही, आकसत जाते. आंबूस, व्हिनेगरसारखा वास कितीतरी वेळ बोटांना राहिला.

बबनला कुणीच सांगितलं नाही.

तो खुर्चीत बसला. सहा मिनिटं सगळं जुळलं. मग पडद्यावर पूर संपून एकदम ओसरल्यानंतरचा चिखल आला, आणि बबन आपला पाठ केलेलं बोलतच होता. “ही बघा होडी... ही माझी आई... आई, हात दे...”

पडद्यावर चिखलात एक कुत्रं फिरत होतं.

“ओ बबनशेठ, आई कुत्री हाय का रे तुझी?” मागून कुणीतरी ओरडलं. हॉल हसला.

बबननं माइक खाली ठेवला. बाहेर जाताना तो शालनजवळ थांबला.

“ताई, माझी आई त्या दीड मिनिटातच होती. तिचा दुसरा फोटोसुद्धा नाही माझ्याकडे.”

शालन खाली मान घालून डबा पुसत राहिली.

मार्चमध्ये बबन नदीत सापडला.

आणि आता, डिसेंबर एक्क्याण्णवला, दादांनी ठरवलं की बबनला श्रद्धांजली म्हणून तीच फिल्म दाखवायची. तीनशे साठ फुटांची. बोलणार कोण?

“मी बोलतो,” दादा म्हणाले आणि कागद घेऊन लाकडी खुर्चीत बसले.

गुरुदत्तनं शालनकडे बघितलं. “दादा, ती खुर्ची...”

“मेलेला माणूस येणारेय का बसायला? लाव तू.”

बरोबर चार वाजता प्रोजेक्टरचा दिवा लागला. शालननं स्टॉपवॉच दाबलं.

पहिलं मिनिट. दुसरं. दादा चांगलं वाचत होते. बायकांनी डोळ्यांना पदर लावला.

पाचव्या मिनिटाला शालनला वास आला...

आंबूस.

तिनं प्रोजेक्टरजवळ नाक नेलं. तिथे फक्त तापलेल्या तेलाचा वास होता. हा वास पुढून, खुर्चीकडून येत होता.

सहावं मिनिट. जोड प्रोजेक्टरच्या भिंगामागच्या खिडकीपाशी आली. आता चिखल दिसणार होता.

चिखल आला नाही.

पूरच चालू राहिला.

प्रोजेक्टरची खडखड बंद पडली. रीळ फिरत होतं, पण आवाज नव्हता. कुणी खोकत नव्हतं. एका बाईच्या कडेवरचं पोर रडत होतं, तोंड उघडं होतं, आणि त्याचाही आवाज नव्हता...

पडद्यावर होडी आली. निळं प्लास्टिक. बांबू धरलेले दादा. पत्र्यावर रखमा.

रखमानं हात पुढे केला.

होडी मागे गेली नाही.

ती जवळ आली. आणखी जवळ. रखमानं होडीतल्या दादांचं मनगट धरलं आणि मान वळवली. तिनं सरळ हॉलमध्ये बघितलं. आधी खुर्चीकडे. मग प्रोजेक्टरमागे... शालनकडे.

मग स्पीकरमधून आवाज आला. दादांचे ओठ हलत नव्हते.

“ही बघा होडी... ही माझी आई... आई, सोडू नको त्याला.”

एकदम खडखड परत सुरू झाली. पडद्यावर चिखल. कुत्रं.

आणि दादा खुर्चीत ताठ झाले होते. तोंड उघडं, श्वास नाही. दोन्ही हात डोक्यावर, पाण्यात बुडणाऱ्या माणसासारखे.

“पाणी द्या रे! लाइट लावा!” कुणीतरी ओरडलं.

काही वेळानं दादांनी मोठा श्वास ओढला. कपडे कोरडे होते. उजव्या मनगटावर मात्र पाच बोटं उमटली होती. ती पुढे कधी गेली नाहीत.

“तू बघितलंस?” शालननं गुरुदत्तला विचारलं.

“काय?”

“होडी.”

“कुठली होडी? चिखल होता की. बरी आहेस ना गं?”

हॉलच्या घड्याळात चार दहा झाले होते. फिल्म दहा मिनिटं चालली होती. शालनच्या स्टॉपवॉचमध्ये साडेअकरा.

तिनं रीळ टेबलावर घेऊन पुन्हा मोजलं. तीनशे साठ फूट. जोड जागच्या जागी.

त्या दिवसापासून रोज दुपारी चार वाजून सहा मिनिटांनी हिंदुरावदादांचा श्वास अडकायचा. डॉक्टर झाले, देवऋषी झाले. एकदा शालन बघायला गेली आणि तिनं घड्याळ लावलं. नव्वद सेकंद. कमी नाही, जास्त नाही. खोलीत आंबूस वास होता. दादांची बायको म्हणाली, “कसला गं वास? मला तर नाही येत.”

असं जवळजवळ सहा वर्षं चाललं. नऊ ऑगस्ट सत्याण्णवला चार सहाला अडकलेला श्वास परत आलाच नाही.

दहा ऑगस्टला शालन लॅबमध्ये होती. समोर काचेच्या नळीतून थेंब पडत होते. तिला वास आला. तिनं ॲसिडच्या सगळ्या बाटल्यांची बुचं तपासली. सगळी घट्ट बंद.

भिंतीवरच्या घड्याळात चार वाजून सहा मिनिटं झाली होती...

थेंब पडायचे थांबले नाहीत. तिचा श्वास थांबला.

चार सेकंद.

दुसऱ्या दिवशी परत चार. आठवड्यानं सात. दसऱ्याला बावीस. तिनं वहीत रकाना आखला आणि लिहीत गेली. तेरा डिसेंबरला एकोणचाळीस. हा आकडा कुठे जाऊन थांबणार, हे सांगायला बीएस्सी लागत नाही.

चौदा डिसेंबर. महोत्सवाचा रविवार. शालननं गुरुदत्तला सगळं सांगितलं.

तो म्हणाला, “मला कशाला सांगतेस? ज्यांनी बबनला हसून घालवलं, त्यांना सांग.”

दुपारी तीनला शालन माइकजवळ गेली. हॉल भरलेला. तिनं सांगितलं... होडी, टीव्ही, बांबू, कात्री. कात्री माझ्या हातात होती, हेही. मागे कुणीतरी हुंदका दिला. तिनं तोल सावरायला माइकचा दांडा धरला.

“अगं, पडशील. बस, बस,” गुरुदत्त म्हणाला आणि त्यानं मागून खुर्ची पुढे सरकवली.

शालन बसली. उरलेलं बसून सांगितलं. लोक उठून तिच्याजवळ आले, एका म्हातारीनं तिच्या डोक्यावरून हात फिरवला. सहा वर्षांत पहिल्यांदाच तिला हलकं वाटलं.

उठताना तिनं आधारासाठी हात टेकला.

हाताखाली पत्रा नव्हता, लाकूड होतं.

वहीत चौदा तारखेची जागा कोरी आहे; पुढची नोंद तिच्याच अक्षरात आहे.

१५ डिसेंबर १९९७. दुपारी ४ वाजून ६ मिनिटं. नव्वद सेकंद.