उगमबाईंचं बटण

वारूळवाडीच्या कुंडलिकाचे केस गाड्यांचं वायरिंग करण्यातच पांढरे झाले होते. करंट कुठे वाया जातोय, हे तो बॉनेट उघडल्या उघडल्या सांगायचा. पण सत्त्याण्णव साली इंदरचंद शेठजींच्या जुन्या विलायती गाडीने त्याला रडकुंडीला आणलं.

गाडीला ओव्हरड्राइव्ह, म्हणजे सपाट रस्त्यासाठीचा जादा गिअर होता. बटण दाबलं की गिअरबॉक्सवरचं मुठीएवढं सोलेनॉइड खटकन आतली दांडी ओढायचं, इंजिनाचा आवाज उतरायचा आणि गाडी मजेत पळायची. दांडी ओढताना ते भरमसाट करंट खायचं; ती नीट बसली की दोन अँपिअरवर गप्प. या खेपेला दांडी अर्ध्यात अडकली, करंट चालूच राहिला आणि आतल्या तारेच्या कॉइलचा कोळसा झाला. नवी कुठून आणायची? त्याने सोलेनॉइड काढलं आणि सुट्या वायरीला टेप गुंडाळली.

उद्या पुण्याचा माणूस विकलेली गाडी न्यायला येणार होता. त्याआधी शेठजींना तो खटका एकदाच ऐकायचा होता. घाट संपून पेठ गावची सपाटी लागली की ते "हं" म्हणत आणि शेजारच्या सीटवरून उगमबाई बटण दाबत. नवरा-बायकोचा हा वर्षानुवर्षांचा खेळ. बाई गेल्या आणि गाडी उभीच राहिली.

"झालं का रे?" शेठजी इस्त्रीचा सदरा घालून आले होते.

कुंडलिकाची जीभच रेटेना. "शेठ, त्याचं असं हाय..."

"चल, मागे बस. पुढची जागा तिची."

जळकं सोलेनॉइड फडक्यात गुंडाळून मांडीवर घेत तो बसला. वाटेत सांगू, म्हणता म्हणता मंचर मागे पडलं. घाटात पुढच्या रिकाम्या सीटची स्प्रिंग करकरली. खड्डा असेल, असं त्याने मनाशी म्हटलं.

सपाटी लागली. उन्हं कलली होती.

"हं," शेठजी म्हणाले.

कुंडलिकाने डोळे घट्ट मिटले. बिचाऱ्या म्हाताऱ्याचं तोंड त्याला बघवणार नव्हतं.

खटक्.

इंजिनाचा आवाज उतरला. त्याने डोळे उघडले. करंट दाखवणाऱ्या ॲमीटरचा काटा झेप घेऊन दोनावर येऊन थांबत होता. बटण दाबलेलं होतं. शेठजींचे दोन्ही हात स्टिअरिंगवर होते.

"लई उपकार झाले रे तुझे," शेठजी रडत रडत हसले.

"न्हाई शेठ, मी काय..."

त्याचा हात मांडीवर गेला.

फडक्यातलं जळकं सोलेनॉइड हळूहळू गरम होत होतं.