वाकायचं नाही

माझी चप्पल पलंगाखाली सरकली, म्हणून आमचं जमलं.

फिजिओथेरपीची पहिलीच सकाळ. मणक्याच्या ऑपरेशनला सात आठवडे झालेले, कमरेला पट्टा, आणि डॉक्टरांनी बजावलेलं... वाकायचं नाही. शेजारच्या पलंगापाशी रुंद खांद्यांचा एक मुलगा उभा होता. मी म्हटलं, "जरा चप्पल काढून देता का?"

तो चपलेकडे बघत राहिला. "दिली असती की... पण मलाबी वाकायचं न्हाई." शर्ट जरा वर करून त्यानं आपला पट्टा दाखवला.

सव्वीस वर्षांची मी, दाक्षायणी, दोन महिन्यांत पहिल्यांदा हसले. कमरेत कळ आली तरी हसले.

त्याचं नाव गुरुशांत. मग रोज शेजारी-शेजारी उताणे पडून आम्ही छताकडे बघत बोलायचो. पाय उचलून दहापर्यंत मोजायचं असे. तो सातानंतर थेट दहा म्हणायचा.

"लबाड आहात."

"तुमचा पाय थरथरत हुता. बघवंना."

तो छताचा कुरकुरणारा पंखासुद्धा मला अजून आठवतो.

संक्रांत जवळ आली. सिद्धेश्वराच्या यात्रेत उंचच उंच, जड काठीचा नंदीध्वज पेलायचा मान त्याच्या घराकडे, वडलांनंतर त्याच्याकडे. डावं पाऊल अजून बधीर व्हायचं, तरी म्हणाला, "यंदाबी मीच धरणार."

"आणि पाय गेला तर?"

"मान सोडू म्हणता?"

"तुम्हाला पुन्हा ऑपरेशनला नेलेलं मला बघवणार नाही," मी बोलून गेले. तो पट्टा आवळून निघून गेला. दुसऱ्या दिवसापासून आलाच नाही.

यात्रेत देवाचं लग्न लागतं, त्या अक्षता सोहळ्याला मी तळ्याकाठच्या गर्दीत उभी होते, जीव मुठीत धरून. ध्वज आले. त्यांच्या घरच्या ध्वजाखाली पांढऱ्या बाराबंदीत त्याचा धाकटा भाऊ होता, चन्नवीर. मला रडूच फुटलं. तेवढ्यात गर्दीच्या रेट्यात पायातली चप्पल निघाली.

"थांब, वाकू नको," मागून आवाज आला. पहिल्यांदाच 'तू'.

गुरुशांत गुडघे मुडपून, पाठ ताठ ठेवून, शिकवल्याप्रमाणे हळूहळू खाली बसला. चप्पल माझ्या पायाशी ठेवली.

"इतके दिवस कुठं होतात?"

"आधी मनाशी ठरवायचं हुतं, मग तुला तोंड दाखवायचं. मान दिला भावाला... लई जड गेलं, दाक्षा." त्याचे डोळे भरले होते. "आता उठवंना. हात दे की."

"कितीपर्यंत मोजू?"

"मोजू नको. सोडू नको, म्हंजे झालं."

मी हात दिला आणि अक्षता पडल्या. लग्न सिद्धेश्वराचं, पण तांदूळ आमच्याही केसांत अडकले.

याला तीन वर्षं झाली. थंडी पडली की त्याचा पाय आणि माझी कंबर अजून ठणकते. दोघांचे पट्टे एकाच खुंटीला असतात. सकाळी तो नेमका माझाच उचलतो, आणि घट्ट होतोय म्हणून कुरकुरतो.