डोहाळजेवणाआधीची सुई

गंगावेशीतल्या कासारणीने हिरवा चुडा भरायला पवित्राचा डावा हात ओढला आणि पवित्रा अशी कळवळली, की डोहाळजेवणाला जमलेल्या बायकांची गाणीच थांबली. सासू बसव्वा लगबगीने आली, तिने सुनेच्या झंपराची बाही वर सारली, आणि दंडावर चिकटवलेला कापूस पाहून तिचा चेहरा उतरला.

"सुई? सातव्या महिन्यात? कुणी नेलं तुला?"

पवित्राचे डोळे भरून आले... आणि थोरली जाऊ शिवलीला पटकन पुढे झाली.

"मी नेलं, आत्ती."

हे साफ खोटे होते. शिवलीलाला लसीचा पत्ताही आत्ताच लागला होता. पण आजच्या दिवशी या पोरीने रडायचे नाही, एवढेच त्या वेड्या मायेला कळले! स्वतःची कूस रिकामी राहिल्यापासून लोकांच्या डोहाळजेवणांत ती मागे मागेच उभी राहायची. आज मात्र धाकट्या जावेने हट्ट धरून पहिली ओटी तिच्याच हातची, असे सासूकडून कबूल करून घेतले होते, आणि त्या आनंदात शिवलीलाने साड्या बदलून बदलून सकाळपासून सगळ्यांचा जीव काढला होता.

"मग तुझ्या हातनं ओटी न्हाय," बसव्वा म्हणाली. "तिकडं बस जा."

"बसतो की," शिवलीला हसत म्हणाली. हसू ओठांवरच होते. अंतःकरण पिळवटून निघाले होते.

तेवढ्यात पवित्रा पाटावरून उठली. "अक्का खोटं बोलत्यात, आत्ती. मी एकटीच दवाखान्यात गेलतो. सिस्टरनी आम्हा गरोदर बायकांना बसवून फ्लूच्या लशीचं सगळं सांगितलं. म्हणाल्या, घाईनं हो म्हणू नका, मनातलं भ्या आधी विचारा. मग मी तुमचंच भ्या विचारलं. म्हटलं, आमच्या आत्ती म्हणत्यात सुई पोटातल्या पोराला बाधती."

"माझं नाव घेतलंस? साऱ्यांच्या म्होरं?"

"घेतलं की. सगळ्यांच्याच सासवा तसं म्हणत्यात. सिस्टर म्हणाल्या, हात दुखंल, एखादा दिवस कणकण यील, पोराला बाधत न्हाय. जलमल्यावर पहिलं काही महिनं बाळाला ही लस देता येत न्हाय, तवा आईनं घेतलेलीच त्याला राखती. मग माझं मी ठरवलं."

बायका तोंडाला पदर लावून हसू लागल्या. बसव्वा हसली नाही. ती कोपऱ्यातल्या थोरलीकडे बघत राहिली.

"तू का गं अंगावर घेतलंस?"

"तिच्या डोळ्यांत पाणी आलंतं. मला काय, बोलणी खायची सवय हाय."

बसव्वाच्या काळजात चर्र झाले. सवय... ती लावली कुणी? तिने शिवलीलाचा हात धरून तिला पाटापाशी आणले आणि तांदूळ-नारळाचे ताट तिच्यापुढे ठेवले.

"भर. चुकलं माझं." मग डोळे पुसत तिने धाकटीवर आवाज चढवला. "आणि फुडच्या बैठकीला मलाबी न्यायचं. माझं भ्या निम्मंच विचारून आलीयास तू."

ओटी भरताना शिवलीलाने इतकी घाई केली, की निम्मे तांदूळ पाटावरच सांडले. बसव्वाने ते स्वतः वेचून परत तिच्या ओंजळीत घातले.