येतो म्हणू नये

फोनवर गेम खेळणाऱ्या माणसांचा राजसला मनापासून राग होता. मेट्रोत, लिफ्टमध्ये, ऑफिसात जेवायच्या टेबलावर कुणी काचेवर अंगठे घासताना दिसलं की त्याच्या कपाळाला आठी पडायची. काचेला काय कळतंय? बोटाखाली बटण दबलं पाहिजे आणि बोट उचललं की ते वर आलं पाहिजे. खेळायचं यंत्र निराळं हवं. त्यावर साहेबाचा फोन येता कामा नये.

जयनगरच्या त्याच्या फ्लॅटमध्ये एक अख्खं कपाट अशा हातातल्या यंत्रांनी भरलेलं होतं. पेन्सिल सेल खाणारं एक जाडं करडं यंत्र होतं, त्याचा पडदा उन्हात धरल्याशिवाय दिसत नसे. एक हल्लीचं, थाळीएवढं. त्याला तो हिणवायचा, "हे हातात धरायचं की यावर जेवायचं?" पण खरा जीव घडीच्या यंत्रांवर. डबीसारखं उघडायचं, वर एक पडदा, खाली एक. झाकण मिटलं की खेळ झोपतो. आतल्या माणसानं पाय उचललेला असेल तर तो उचललेलाच राहतो. महिन्यानं झाकण उघडा, पाय तिथंच खाली टेकतो.

"जगात एवढी एकच गोष्ट आहे जी तुमच्यासाठी थांबते," तो एकदा बायकोला म्हणाला होता.

"मीही थांबलेच आहे," निधी म्हणाली. "फक्त मला झाकण नाही."

निधीला पुण्याच्या ऑफिसात बदली मिळत होती. तिनं अजून हो म्हटलं नव्हतं. "तू घरात असतोस आणि नसतोस, राजस. मी भिंतीशी बोलते. हा महिना बघते, नाहीतर मी एकटी जाणार. सीरियसली." राजसनं मान हलवली होती, ती सुद्धा पडद्यावरची नजर न काढता. ती गेली तर हे घर कसं दिसेल, हे मात्र त्याच्या मनात येऊन गेलं होतं. पण गेम मधेच सोडवत नव्हता.

त्याच आठवड्यात त्याला जाहिरात दिसली. राजाजीनगर. घडीचं यंत्र, निळं, एकाच माणसानं वापरलेलं. फोटोत बिजागरी शाबूत दिसत होती. घडीच्या यंत्राची बिजागरी शाबूत असणं म्हणजे म्हाताऱ्या माणसाचे सगळे दात असण्यासारखं. राजस दुपारीच मेट्रोत बसला.

घर एका जुन्या ओळीत, तळमजल्यावर होतं. पुढं फरशीचं छोटं अंगण, लोखंडी फाटक, कुंडीत वाळलेली तुळस. दार एका तरुण बाईनं उघडलं. तिचं नाव पवित्रा. राजसचं नाव आणि पुण्याची बोली ऐकून ती कानडीवरून मराठीवर आली. निपाणीकडचं, या शहरात दोन पिढ्या मुरलेलं मराठी.

"बसू नका अण्णा, उभ्यानंच बघा आणि घेऊन जावा."

एवढं तुटक कुणी बोलल्यावर दुसरा माणूस इकडंतिकडं पाहील. राजस यंत्र पाहत होता. कोपऱ्यात पाटावर एका माणसाचा फोटो होता, पुढं समई लावलेली. पवित्राचं कपाळ मोकळं होतं. आतल्या खोलीत सतरंजीवर एक म्हातारी भिंतीकडं तोंड करून बसली होती. राजसनं बिजागरी हलवून पाहिली. झाकण मिटलेलं होतं आणि कडेचा हिरवा दिवा मंद होत होता, उजळत होता.

"हे चालूच आहे की."

"झोपवलेलं हाय," पवित्रा म्हणाली. "दवाखान्यात जाताना त्यांनी झाकण लावलं आणि आईला म्हणाले, येतो. आले नाहीत. तवापासून सासूबाई चार्जर काढू देत नाहीत. दयानंद झोपलाय, उठंल, म्हणतात. माझ्यानं आता बघवत नाही ओ. न्या ते."

राजसनं पैसे पुढं केले. तिनं हात लावला नाही, फळीकडं बोट केलं. त्यानं ते तिथं ठेवले, यंत्र खिशात घातलं, चपला घातल्या आणि कुठल्याही घरून निघताना म्हणावं तसं म्हणाला,

"येतो हं."

पवित्राचा चेहरा दगडासारखा झाला.

"सुतकाच्या घरात असं म्हणतात व्हय? पुण्याचे ना तुम्ही? एवढं पण शिकवलं नाही कुणी?"

राजसला आठवलं. आजोबा गेले तेव्हा भेटायला आलेली माणसं न बोलता उठून गेली होती. तेव्हा त्याला ते उद्धटपणाचं वाटलं होतं. तो ओशाळून हसला. आतून, सतरंजीवरून, म्हातारीचा आवाज आला. वळून न बघता, पोटच्या पोराला द्यावं तसं उत्तर.

"ये की रं."

"ऐकलंत? आता म्हणा, येत नाही," पवित्रा खालच्या आवाजात म्हणाली. "फाटकाच्या आत हाय तोवर म्हणा."

"अहो, शब्द आहे नुसता," राजस म्हणाला आणि फाटक ओढून बाहेर पडला.

घरी येऊन त्यानं झाकण उघडलं. एक साधा, शांत गेम होता. लहानशा गावात एक बुटका माणूस फिरतो, झाडांना पाणी घालतो, लोकांच्या घरी जातो. त्याला आपण नाव द्यायचं, आणि निरोपाचा एक शब्द शिकवायचा. दयानंदनं इंग्रजी अक्षरांत नाव दिलं होतं, दया. शब्द शिकवला होता, येतो. बुटका अंगणात उभा होता, फाटकाकडं तोंड करून. राजसनं त्याला दोनचार घरं फिरवलं. प्रत्येक दारातून निघताना बुटक्याच्या डोक्यावर फुगा यायचा, येतो. राजसला गंमत वाटली. त्यानं बुटक्याला परत अंगणात आणून उभं केलं आणि झाकण मिटलं.

सकाळी उघडलं तर बुटका रस्त्यावर होता.

राजसनं शिव्या दिल्या त्या बिजागरीला. झाकणात एक बारका लोहचुंबक असतो, तो जवळ आला की यंत्राला झोप लागते. तो सैल झाला असणार. त्यानं झाकण कानाशी धरून मिटलं. संगीत तिथल्या तिथं बंद पडलं. दिवा संथ झाला. यंत्र झोपत होतं, नीट झोपत होतं. संध्याकाळी उघडलं तर बुटका ओढ्यावरच्या पुलापाशी पोचला होता, आणि त्याचा एक पाय उचललेला होता.

आपल्यासाठी थांबणारी एक गोष्ट होती, तीही थांबेना, याचा राजसला राग आला. भीती नाही वाटली. वाटायला हवी होती.

"तुझं काय चाललंय?" निधीनं त्या रात्री जेवताना विचारलं. ती हसत होती. बऱ्याच दिवसांनी. "मगाशी बाल्कनीतून म्हणालास, चहा स्वल्प दे गं. थोडा म्हणायचं सोडून कानडीत स्वल्प! आणि काल विचारलंस, जेवलीस काय? कुणाच्या नादाला लागलायस?"

राजस मगाशी बाल्कनीत नव्हता. तो न्हाणीघराचं दार लावून टबाच्या काठावर बसून खेळत होता. पण ते सांगायचं म्हणजे भांडणच. त्यानं आमटी वाढून घेतली.

"आवडलं मला," निधी म्हणाली. "विचारलंस ते."

दुसऱ्या दिवशी त्यानं यंत्र पूर्ण बंद केलं, बॅटरी काढून खणात वेगळी ठेवली. दिवसभर ऑफिसात त्याचं चित्त नव्हतं. घरी आल्यावर पाहिलं तर बॅटरी यंत्रात होती, चार्जर लावलेला होता, दिवा श्वास घेत होता.

"तूच तर म्हणालास, लावून ठेव म्हणून," निधी म्हणाली. "दुपारी फोनवर."

त्यानं झाकण उघडलं. बुटका एका इमारतीच्या जिन्यात होता. गावात इमारत नव्हती. ते गाव राजसनं कोपरान् कोपरा पाहिलं होतं. त्यानं बाण दाबून बुटक्याला खाली उतरवायचा प्रयत्न केला. बटणं दबत होती, वर येत होती. बुटका हलला नाही. आता राजसच्या हातात असेपर्यंत तो हलायचाच नाही.

रविवारी दुपारी बुटका एका खोलीत उभा होता. चार ठिपक्यांत काढलेली पिवळी खुर्ची. खिडकीला निळा पडदा. भिंतीला एक उंच कपाट. राजसनं मान वर करून आपल्या पिवळ्या खुर्चीकडं पाहिलं, निळ्या पडद्याकडं पाहिलं.

खालच्या पडद्यावर फुगा आला. आलो.

त्यानं झाकण आपटलं आणि चपला शोधू लागला.

"कुठं?" निधी स्वयंपाकघरातून आली. "आज आपण बोलणार होतो. बदलीचं. विसरलास?"

"हे परत करून टाकतो. आत्ता."

"आत्ताच का? राजस, महिना संपत आला, मी उद्या ऑफिसला कळवणार आहे. मला आज तू इथं हवायस."

"तेच करतोय ना! हे घराबाहेर गेल्याशिवाय..." त्याला पुढचं नीट सांगता येईना. सांगता येत नाही म्हणून तो ओरडला. "सारखं काय गं तुझं! जातो मी!"

"येतो म्हणावं," निधी सवयीनं म्हणाली. तिची आई म्हणायची तसं.

त्यानं दार ओढून घेतलं.

राजाजीनगरला फाटक उघडंच होतं. पवित्रा हातात पिशवी घेऊन पायरी उतरत होती. आनेकलला माहेरी चालली होती. राजसला बघून तिनं डोळे खाली घातले आणि आजारी माणसाला वळसा घालावा तशी कडेनं निघाली.

"ताई, हे घ्या परत. पैसे नकोत."

"मी सांगितलं होतं तुम्हाला," ती म्हणाली आणि मागं न बघता गेली.

म्हातारी, ठकुबाई, आज दाराकडं तोंड करून बसली होती.

"आलास? पाय धू बाळा. किती वाट बघायची?"

"आजी, मी दयानंद नाही. मी राजस. हे यंत्र तेवढं..."

"म्हाईत हाय की मला," ठकुबाई शांतपणे म्हणाली. "माझा तिकडं गेला. सुखात हाय. तू येतो म्हणालास, तू आलास." तिनं त्याच्या हातातून यंत्र घेतलं. हात थंडगार होते आणि अजिबात थरथरत नव्हते.

राजस उलट्या पावली अंगणात आला. फोन काढला. घंटा बराच वेळ वाजली.

"हॅलो?" निधीच्या आवाजात अजून हसू होतं, मधेच थांबवलेलं.

"निधी, मी बोलतोय. ऐक, मी आत्ता निघतो."

"कोण?"

"अगं, मी! राजस!"

मग ती फोनवरून तोंड बाजूला करून म्हणाली, "राजस, बघ ना रे. कुणीतरी तुझं नाव सांगतोय. आवाज कसा खोल गेल्यासारखा येतोय."

"ठेव गं," पलीकडून राजसचाच आवाज आला. "चहा गार होतोय. स्वल्प बस माझ्यापाशी."

फोन बंद झाला.

फाटक चार पावलांवर होतं. राजस तिथवर गेला आणि उभा राहिला. निघायचं तर काहीतरी म्हणून निघायला हवं, असं त्याला वाटलं. ते का वाटलं हे त्याला कळलं नाही. येतो म्हणायची सोय नव्हती. जातो म्हणून झालं होतं. तो तोंड उघडून फाटकाकडं बघत राहिला. त्याचा एक पाय उचललेला होता.

मागं दारात ठकुबाई येऊन उभी राहिली. तिच्या हातात झाकण उघडलेलं यंत्र होतं. ती पडद्याकडं बघत होती, अंगणाकडं नाही.

"दमलास," ती मायेनं म्हणाली. "नीज आता. मी चार्जर लावते."

बिजागरीचा बारीक टक् असा आवाज झाला.

भर दुपारी अंगणात अंधार पडला.