उसवलेली ओळ

कारखान्यात त्यांना सगळे 'भिंग' म्हणायचे, आणि ते काही लाडानं नव्हे. तयार कपड्यांच्या त्या कारखान्यात त्या तपासनीस होत्या. शर्ट शिवून, इस्त्री होऊन टेबलावर आला की त्या तो उलटा करायच्या, खांद्याची शिवण बोटांमधून सरकवायच्या आणि जिथे टाका तिरका गेला असेल तिथे लाल बाणाची चिकटपट्टी डकवायच्या. बाण दिसला की शिवणाऱ्या बायका नाक मुरडायच्या. भिंगबाईंना त्याचं सोयरसुतक नव्हतं. टाका सरळ तरी असतो नाहीतर वाकडा तरी, मधलं काही नसतं, असा त्यांचा साधा हिशेब होता आणि निवृत्त झाल्यावरही तो बदलला नाही.

घरी त्या गोधड्या शिवायच्या. जुन्या कपड्यांचे चौकोन कापायचे, कोपऱ्याला कोपरा भिडवायचा, खाली चादरींचे थर घालायचे आणि मग या टोकापासून त्या टोकापर्यंत धावदोऱ्याच्या ओळी घालत जायचं. त्यांच्या ओळी अशा असत की पट्टी लावून बघावं आणि पट्टीच्याच सरळपणाची शंका यावी. शेजारणींना त्यांनी गोधड्या भेट दिल्या होत्या, पण त्या कपाटातच राहिल्या. अंगावर घ्यायची छाती कोणाला होत नाही म्हणे.

पुढच्या खोलीत, खिडकीपाशी, लांबलचक टेबलावर सध्या जी गोधडी पसरलेली होती ती मात्र घरासाठी होती. यजमानांचे खाकी शर्ट, बाईंचे कारखान्यातले निळे एप्रन आणि लेकीचे लहानपणचे फ्रॉक, असे तिचे चौकोन. अर्धीअधिक शिवून झाली होती तेव्हा यजमानांना झटका आला.

यजमान बसचे ड्रायव्हर. उभी हयात चाकामागे काढलेली, आणि बोलायला लागले की ब्रेक म्हणून लागत नसे. झटक्यानंतर उजवा हात लुळा पडला आणि शब्द गेले. 'हो' आणि 'नको' तेवढे राहिले. बाकीचं जिभेपर्यंत येई आणि तिथेच अडे. मग ते भिंतीकडे तोंड करून पडून राहत. आधी सगळी बिल्डिंग त्यांचं बोलणं ऐकत जिने उतरायची.

व्यायाम शिकवायला येणाऱ्या बाईंनी एके दिवशी टेबलावरची गोधडी पाहिली आणि म्हणाल्या, जाड सुई द्या त्यांच्या हातात, बोटांना याच्यासारखा व्यायाम नाही. ड्रायव्हरसाहेबांनी आधी मान हलवली. दुसऱ्या दिवशी मात्र स्वतःच खुर्ची ओढून टेबलाशी बसले. सुई मुठीत धरून, जीभ दातांत दाबून, त्यांनी सबंध सकाळ एक ओळ घातली. ती ओळ कुठे रुसल्यासारखी वर जात होती, कुठे खड्डा चुकवल्यासारखी बाजूला होत होती. टोकाला पोचल्यावर त्यांनी मान वर केली.

"भिंगरी," ते म्हणाले. "बघ."

हे नाव फक्त त्यांचं होतं. बाई घरात क्षणभर एका जागी बसत नाहीत म्हणून कारखान्यातल्या भिंगाची त्यांनी भिंगरी केली होती, लग्नाच्या पहिल्या वर्षी. बाईंनी त्यांचं डोकं छातीशी धरलं आणि बराच वेळ सोडलं नाही.

दुपारी ते झोपले. भिंगबाई टेबलापाशी आल्या आणि त्यांची नजर त्या ओळीवर गेली. उद्या कोणी पाहिलं तर यांनाच ओशाळं वाटेल, असं त्यांनी स्वतःला बजावलं. मग छोटी टोकदार कात्री घेऊन ती ओळ अलगद उसवली आणि तिथे आपली घातली.

संध्याकाळी यजमान उठले. चुकीच्या स्टॉपवर चढलेल्या उतारूकडे बघावं तसं त्यांनी बायकोकडे पाहिलं आणि अवघडून म्हणाले, "बाई."

त्यानंतर हे रोजचंच झालं. सकाळी ते एक ओळ घालत आणि एखादा शब्द सापडे, उशी, चष्मा, कधी दोनचार एकदम. दुपारी बाई ओळ सरळ करत, आणि दिवेलागणीला तो शब्द गेलेला असे. व्यायामवाल्या बाई म्हणाल्या, शब्द येतात-जातात, मनाला लावून घेऊ नका. भिंगबाई मनाला लावून घेत होत्याच. पण या दोन गोष्टी एकमेकींना जोडाव्यात असं त्यांच्या स्वप्नातही आलं नाही. शिवण म्हणजे शिवण आणि आजार म्हणजे आजार.

मग लेक आली. तिच्यासमोर यजमानांनी एक ओळ घातली आणि तिला 'पिल्लू' म्हणून हाक मारली. ती रडली, हसली, पुन्हा रडली. दुपारी पाणी प्यायला उठली तर आई हातात कात्री घेऊन टेबलावर वाकलेली.

"आई, राहू दे ना त्यांची ओळ."

"अगं, किती वाकडी आहे बघ तरी."

"मी तुझ्यासाठी रुमाल भरला होता, आठवतं? तोही रात्रीतून सरळ झाला होता." लेक शांतपणे म्हणाली. "मी परत सुई हातात धरली नाही."

बाईंना रुमाल आठवला. त्यावरचं फूल आठवलं, आणि ते आपण किती छान दुरुस्त केलं होतं हेही आठवलं. लेकीच्या चेहऱ्याकडे मात्र तेव्हा आपण पाहिलंच नव्हतं हे त्यांच्या आता ध्यानात आलं आणि त्यांना फार वाईट वाटलं. कात्री त्यांनी खाली ठेवली.

लेक आपल्या घरी गेली. ओळ राहिली, आणि 'पिल्लू'ही राहिलं. दुसऱ्या दिवशी, तिसऱ्या दिवशी, फोनवर, झोपेतून उठल्या उठल्या, कधीही विचारा, तो शब्द जागच्या जागी.

भिंगबाईंचं सारं आयुष्य तपासण्यात गेलेलं. त्यांनी कपाटातून लाल बाणांचं रीळ काढलं. ज्या सकाळी यजमानांना 'खिडकी' सापडली त्या सकाळच्या ओळीला एक बाण लावला. 'चष्मा' परत आला त्या ओळीला दुसरा. चष्म्याच्या ओळीला हात लावला नाही. खिडकीची ओळ त्यांनी उसवली. शंका आली की खात्री केल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे.

संध्याकाळी यजमान डोळ्यांवरचा चष्मा काढून "चष्मा" म्हणाले. मग उठून खिडकीपाशी गेले, चौकटीवरून हात फिरवला आणि कष्टानं म्हणाले, "हे... उजेडाचं."

बाई स्वयंपाकघरात जाऊन ओट्याला धरून उभ्या राहिल्या. आपण आजवर दुपारी दुपारी काय करत होतो ते त्यांना कळलं होतं.

त्या दिवसापासून कात्री ड्रॉवरमध्ये गेली. सुरुवातीला बोटं शिवशिवायची. चौकोनाची सीमा ओलांडून ओळ भलतीकडे निघाली की बाईंच्या दाढा एकमेकींवर दाबल्या जायच्या. त्या उठून खिडकीत जायच्या, रस्ता बघायच्या, परत यायच्या. ओळींमागून ओळी येत गेल्या. 'खिडकी' परत आली. रस्ते आले, स्टॉप आले, जुन्या कंडक्टरांच्या खोड्या आल्या. यजमान सुई चालवत आणि बोलत आणि स्वतःच्याच विनोदाला हसत. बाई समोर बसून ऐकत. एका सकाळी त्यांनी सहज गोधडीवर हात ठेवला आणि लगेच मागे घेतला.

पुन्हा ठेवला. खोली गार होती, टेबल गार होतं, त्यांच्या स्वतःच्या ओळीही गार होत्या. यजमानांच्या ओळी तेवढ्या कोमट होत्या, आत्ताच कोणी पांघरुणातून उठून गेल्यासारख्या. डोळे मिटून त्यांनी बोट फिरवलं. प्रत्येक वळण, प्रत्येक गाठ ऊबदार. असलं काही त्यांनी जन्मात पाहिलं नव्हतं. भीती वाटायला हवी होती, पण त्यांना वाटला तो निव्वळ अचंबा. आपण ज्याला चूक म्हणत आलो त्यात एक अख्खा माणूस मावतो, हे पाहून त्यांचे हात आपोआप जोडले गेले.

सगळं परत येत होतं. फक्त भिंगरी येत नव्हती. यजमान त्यांना 'बाई' म्हणत, अहोजाहो करत, चहाचा कप दिला की आभार मानत. एकदा ऊन उतरायला लागलं तेव्हा काळजीनं म्हणाले, "तुम्ही आता निघा बाई. घरचे वाट बघत असतील."

भिंगबाई "हो, निघते" म्हणाल्या आणि आतल्या खोलीत जाऊन बसल्या.

मग गोधडी भरली. मोकळी जागा उरली नाही. बाईंनी दुसरं कापड दिलं, त्यावर यजमानांनी मुकाट्यानं ओळी घातल्या. त्या गारच राहिल्या आणि त्यांतून एकही शब्द आला नाही. म्हणजे जागा हीच. इतर शब्द नव्या जागीही परत आले होते, भिंगरी मात्र नाही; तेव्हा पहिली ओळ जिथे होती तीच जागा त्यांना परत द्यायला हवी.

पण ती कुठली? पहिल्या ओळीच्या जागी भिंगबाईंनी आपली ओळ घातली होती आणि तिच्या आजूबाजूला सगळीकडे त्यांच्याच ओळी होत्या. त्यांनी भिंग लावून पाहिलं. एकीसारखी दुसरी, दुसरीसारखी तिसरी. कुठे एका सुताचा फरक नाही. आपली ओळ आपल्यालाच ओळखू येऊ नये इतकं चोख काम त्यांनी केलं होतं.

त्यांनी ड्रॉवर उघडला आणि कडेपासून आपल्याच ओळी उसवायला घेतल्या.

पहिली ओळ सरसर सुटली. निघालेला दोरा तळहातावर कोमट लागला, मग गार झाला. बाई चहा करायला गेल्या आणि चहा उकळल्यावर हात पुढे करून तशाच थांबल्या. ते, ज्याच्यातून चहा ओततात, बारीक भोकांचं, दांड्याचं. ते समोर खिळ्याला लटकत होतं. त्याला काय म्हणतात ते त्यांना आठवेना.

वय झालं, असं म्हणून त्या हसल्या. हसता हसता थांबल्या आणि बाहेर येऊन गोधडीकडे पाहत राहिल्या. आता त्यांना पुन्हा बाण लावून खात्री करायची गरज नव्हती.

वाकड्या ओळींतच नव्हे, सरळ ओळींतही माणूस असतो तर. त्यांना गंमत वाटली, आणि थोडं बरंही वाटलं.

मोकळ्या झालेल्या जागी यजमानांनी दुसऱ्या दिवशी ओळ घातली. त्यांना समुद्र आठवला. भिंगरी नाही आली.

बाईंनी रात्रभर विचार केला आणि सकाळी कात्री हातात घेतली. त्यांच्याकडे ओळी पुष्कळ होत्या.

दुसऱ्या ओळीबरोबर बाजाराचा रस्ता गेला. त्या कोपऱ्यावर उभ्या राहिल्या आणि लोकांना विचारत घरी आल्या. पुढच्या एका ओळीबरोबर कारखाना गेला. कपाटात लाल बाणांचं रीळ सापडलं, ते कशाला जपून ठेवलंय म्हणून त्यांनी ते फेकून दिलं. टाका वाकडा गेला की दाढा दाबल्या जायच्या त्याही आता दाबल्या जात नव्हत्या. यजमानांची सुई खाकीतून निळ्यात, निळ्यातून फुलाफुलांच्या फ्रॉकात भटकत जायची आणि बाई हनुवटीखाली हात घेऊन ते बघत बसायच्या. इतकं सुंदर काही आपण कधी शिवलं नाही, असं त्यांना मनापासून वाटायचं.

लेक फोनवर म्हणाली, बाबा किती बोलायला लागलेत, पण तू एवढी गप्प का? बाई म्हणाल्या, ऐकतेय गं, ऐकायला छान वाटतं.

घाबरल्या नव्हत्या असं नाही. कात्री लावण्याआधी त्या प्रत्येक वेळी यजमानांकडे पाहून घेत. नाक, भुवया, कानावरची पांढरी लव. हा माणूस कोण ते अजून ठाऊक आहे, एवढी खात्री झाली की उसवत.

त्या दुपारी खाकी चौकोनाच्या कडेची ओळ सुटली. दोरा हातात नेहमीपेक्षा जास्त वेळ गरम राहिला. बाईंनी तो टेबलावर ठेवला आणि सुई यजमानांच्या हातात दिली.

यजमान शिवू लागले.

ओळ वर गेली. बाजूला झाली. गाठ पडली, त्यांनी ती तशीच राहू दिली.

खिडकीतून ऊन येत होतं. खाली एक बस थांबली आणि निघून गेली.

ओळ टोकाला पोचली. यजमानांनी मान वर केली. त्यांचे डोळे भरून आले आणि चेहरा असा उजळला की जणू मधले सगळे महिने गेलेच नव्हते.

"भिंगरी," ते म्हणाले.

समोर बसलेल्या बाईंनी मागे वळून दाराकडे पाहिलं. दारात कोणी नव्हतं.

"अगं भिंगरी."

"त्या आल्या नाहीत अजून," बाई त्यांना समजावत म्हणाल्या. "आल्या की सांगते हं."