नाडीच्या कपाळाला कुंकू

जनसुनावणी म्हटली की माइक बिघडायचाच. कासारखेडच्या नगरवाचनालयाच्या सभागृहात तो बरोबर साडेदहाला बिघडला आणि तीन माणसं एकाच वायरीवर वाकून एकमेकांना शहाणपण शिकवू लागली. समोर चारेकशे लोक चहाचे कप सांभाळत बसले होते. कित्येकांच्या पायाशी झेंडूच्या पिशव्या होत्या. खंडेनवमी होती आणि सरकारला सुनावणीसाठी नेमका हाच दिवस सापडला होता.

व्यासपीठावर डॉ. वैजयंती शेंडगे शांत बसली होती. ज्या यंत्रणेवर आज बोलायचं होतं, ती तिनेच सात वर्षं खपून उभी केली होती. यंत्रणेचं नाव नाडी. राज्यातल्या एकोणीस हजार पंपघरांत गेल्या दहा महिन्यांत विटेएवढी एकेक राखाडी डबी बसली होती. डबी पंपाच्या अंगाला चिकटून त्याची थरथर ऐकायची आणि समोरच्या काचेच्या डोळ्याने मीटर वाचायची. सगळ्या डब्यांचं ऐकलेलं-पाहिलेलं एका ठिकाणी जमा व्हायचं. कुणी दुरून, संगणकाच्या वाटेने आपल्या पाण्यात हात घातला, की नाडीला ते लगेच कळायचं. तो हात कोणाचा, हेही ती एक-दोन मिनिटांत सांगायची.

चार वर्षांपूर्वी नाडी असती तर हिरडेपूरची माणसं वाचली असती. तिथल्या जलशुद्धीकरण केंद्रात कुणीतरी परक्या देशातून शिरलं आणि क्लोरीनचं प्रमाण वाढवून गेलं. त्रेसष्ट माणसं दगावली. त्यांत वैजयंतीची मावशी होती, जिच्याकडे राहून ती शाळा शिकली होती. हे सीमेपलीकडच्या देशाचं काम आहे, हे शोधायला दोन वर्षं लागली. त्या दोन वर्षांचा संताप वैजयंतीच्या मनातून अजून गेला नव्हता, आणि तो जावा असं तिला वाटतही नव्हतं.

म्हणून नाडीला नुसते कान दिले नव्हते, हातही दिले होते. हल्लेखोर सापडला की ती उलट तडाखा देऊ शकत होती. त्याला प्रतिघात म्हणायचे. समोरच्या देशाची वीज आणि पाणी एका दमात बंद. त्यानंतरची पायरी विमानांची आणि क्षेपणास्त्रांची असणार, हे सांगायला कुणा तज्ज्ञाची गरज नव्हती. म्हणूनच मध्ये सहा मिनिटं ठेवली होती. त्या सहा मिनिटांत ‘राखणदार’ अधिकाऱ्याने बटण दाबलं तर प्रतिघात थांबायचा आणि पुढचा अख्खा दिवस नाडीचे हात बांधलेले राहायचे. बटण दाबलं नाही, तर प्रतिघात आपोआप सुटायचा. राखणदारीची पाळी दर आठवड्याला बदलायची. या आठवड्यात ती वैजयंतीकडे होती आणि लाल बटणाची पट्टी तिच्या पर्समध्ये होती.

आजचा प्रश्न एवढाच होता, की ही सहा मिनिटं काढून टाकायची का?

“काढलीच पाहिजेत!” माइक सुरू होताच सुनावणी समितीचे सदस्य अॅडव्होकेट कुलदीप खोत गरजले. “सहा मिनिटांत एक हिरडेपूर दोनदा मरेल. शत्रू घरात शिरलाय आणि आपण घड्याळ बघत बसायचं?”

टाळ्या कडकडल्या. वैजयंतीनेही नकळत मान हलवली. तिचं मत तेच होतं आणि तेच सांगायला ती आली होती.

मागच्या रांगेतून एक हात वर झाला. हणमंत आवळे, कासारखेड पंपघर क्रमांक दोनचे ऑपरेटर, निवृत्तीला दोन वर्षं उरलेली. कपाळावर ठसठशीत कुंकू.

“माजं एवढंच म्हननं हाय,” ते म्हणाले, “पंप बंद पडला की मी पैल्यांदा फ्यूज बगतो. मंग शेजाऱ्याला शिव्या देतो.”

सभागृह हसलं. सुनावणीचे अध्यक्ष, निवृत्त न्यायाधीश माणकेश्वर, यांनीही चष्मा पुसण्याच्या निमित्ताने तोंड लपवलं.

वैजयंती उठली. “मामा, नाडी फ्यूजसुद्धा बघते. थांबा, ऐकवतेच तुम्हाला.” तिने आपला संगणक सभागृहाच्या कर्ण्यांना जोडला. “ही राज्यातल्या सगळ्या पंपांची थरथर आहे. आत्ता, या क्षणाची.”

आधी काही ऐकूच आलं नाही. मग जमिनीतून वर यावा तसा एक घुमारा आला. खोल, अखंड, अनेक पदरी. त्यात मोठमोठ्या उपसा योजनांचा खर्ज होता आणि डोंगरावरच्या लहानशा वस्तीला पाणी चढवणाऱ्या पंपांची बारीक किणकिणही होती. बाकं थरथरली. कपांतल्या चहावर वलयं उठली. बारा कोटी माणसांच्या तहानेचा आवाज होता तो, आणि तो असा कुणी कधी ऐकलाच नव्हता. पुढच्या बाकावरच्या एका आजीबाईंनी नुसतेच हात जोडले. वैजयंतीने हा आवाज हजार वेळा ऐकला होता, तरी आजही तिच्या अंगावर काटा आला.

“आमचा कंचा?” आवळ्यांनी हळूच विचारलं.

तिने कळ फिरवली. घुमाऱ्यातून एकच खरखरता सूर वर आला. आवळ्यांचा चेहरा उजळला. “त्योच! बेअरिंग वाजतंय बगा. तीन अर्ज दिलेत.”

पुन्हा हशा पिकला. वैजयंतीने सगळा घुमारा परत आणला आणि ती बोलणार, एवढ्यात आवाजातून काहीतरी गळालं.

एक पदर गेला. मग शंभर. मग डोंगराची कड ढासळावी तसे हजारो आवाज एकदम खाली गेले. अर्ध्या मिनिटात निम्म्याहून जास्त राज्य मुकं झालं. पाठोपाठ पडद्यावर एकेक काचेचा डोळा लाल होऊन मिटू लागला. वैजयंतीच्या पर्समधली पट्टी थरथरली.

पडद्यावर अक्षरं उमटली. ‘समन्वित हल्ला. अकरा हजार दोनशे केंद्रं बंद, त्यांचे डोळे निकामी. त्याच मिनिटात सीमेपलीकडून सत्तावन्न घुसखोर संदेश. हल्लेखोर निश्चित, खात्री अठ्ठ्याण्णव टक्के. प्रतिघात सहा मिनिटांत.’

५:५९. ५:५८.

खोत उभे राहिले आणि तसेच उभे राहिले.

वैजयंतीला मावशीचा चेहरा दिसला. काही करायची गरज नव्हती. नुसतं गप्प बसायचं होतं आणि सहा मिनिटांनी हिरडेपूरचा हिशेब चुकता झाला असता.

“म्याडम.” आवळे बाकांमधून वाट काढत पुढे आले होते. “अकरा सात.”

“काय?”

“अकरा सातचा मुहूर्त हाय. पूजेचा. पंप बंद करून पुजत्यात. आज हत्याराला काम लावत न्हाईत न्हवं.”

“अकरा हजार ठिकाणी? एकाच मिनिटाला?”

आवळ्यांनी फोन पुढे धरला. पंप कर्मचारी संघटनेचा ग्रुप. पहाटे आलेला निरोप, खाली अंगठ्यांची रांग. ‘सर्व बंधूंनी खंडेनवमीची यंत्रपूजा ठीक ११ वाजून ७ मिनिटांनी करावी.’

“पण डोळे? डोळे कुणी फोडले?”

“फोडतंय कोन? यंदा नवी डबी आलीया. पैलीच नवमी तिची. तिला बी कुंकू लावलं आसंल पोरांनी.” आवळे जरासे ओशाळले. “त्यो डोळा बरुबर कपाळासारका दिसतो.”

४:१०.

“तुम्ही हे दर वर्षी करता? मी तीस वर्षांची लॉगबुकं नाडीला शिकवलीत, मामा. एकातही पूजा नाही!”

“पूजा लिवली की मेमो मिळतो. आमी ‘देखभाल’ लिवतो.”

दिवाळीच्या दिव्यांपासून क्रिकेटच्या सामन्यांपर्यंत सगळं तिने नाडीला शिकवलं होतं. तिच्या स्वतःच्या गावी, आटपाडीजवळ, वडील आजच्या दिवशी शिलाई मशीनला हार घालायचे. तेवढं मात्र राहिलं होतं.

पण मन लगेच मागे फिरलं. हे शत्रूलाही ठाऊक असेल तर? पूजेच्या आडून हल्ला करायला याहून चांगली वेळ कोणती? बटण दाबलं आणि हल्ला खरा निघाला, तर दिवसभर राज्य हात बांधून उभं राहणार. गावागावांत हिरडेपूर.

“तुमच्या पंपघरात फोन लावा.”

आवळ्यांनी लावला. रिंग वाजत राहिली. “आरतीत हाईत. फोन बी पूजेच्या ताटात ठिवत्यात.” मग त्यांनी कर्ण्याकडे बोट केलं. “तुमची डबी ऐकती न्हवं? मंग घंटा ऐकाय येत आसंल की.”

“नाही येत. माणसांचे आवाज आम्ही गाळून टाकतो. तसा कायदा आहे. कुणाचं खासगी बोलणं ऐकायचं नाही.”

“म्हंजे पंपाचं समदं ऐकायचं आनि पंपाशेजारच्या मानसाचं कायबी न्हाई?”

वैजयंतीने माणकेश्वरांकडे पाहिलं. गाळणी काढायचा हुकूम इथूनच देता येत होता, पण त्याला न्यायालयाची परवानगी लागायची.

“काढा,” माणकेश्वर म्हणाले.

“सर, तुम्हाला तो अधिकार...”

“आहे की नाही, ते पुढे ठरवतील. मी सांगितलं असं लिहा. काढा!”

१:५०. तिची बोटं दोनदा चुकली. तिसऱ्यांदा हुकूम गेला. डब्यांनी तो घ्यायला वेळ लावला.

१:०५.

आधी एकच घंटा आली. कासारखेड क्रमांक दोन. तिच्यामागे टाळ्या आणि एका माणसाचा बेसूर, मनापासूनचा आवाज. मग दुसरी घंटा आली, आणि मग बांध फुटला. कोकणातून, खानदेशातून, विदर्भातून, जिथे जिथे पंप गप्प होता तिथून घंटा आली, टाळ्या आल्या, नारळ फुटल्याचा ठक्क आवाज आला. हजारो आरत्या, कुणाचा ताल कुणाशी जुळत नव्हता, तरी सगळ्या मिळून एकच काहीतरी होत होतं. ज्या शांततेला नाडी हल्ला म्हणत होती, ती माणसांनी काठोकाठ भरलेली होती. एवढं अफाट काही आपण कधी ऐकू असं तिथल्या कुणाला स्वप्नातही वाटलं नव्हतं. वैजयंती रडत होती आणि तिला ते कळतही नव्हतं.

तिने पट्टी काढली आणि लाल बटण दाबलं. पडद्यावर आकडा थांबला, ०:३८.

दहाएक मिनिटांनी पंप एकेक करून परत बोलू लागले. खोतांनी कुणाच्या तरी हातातला पाण्याचा ग्लास मागून घेतला आणि ते तो दोन्ही हातांनी धरून प्यायले. नंतर सुनावणी झाली ती फारच थोडी. सहा मिनिटं राहू द्यावीत, असा शेरा माणकेश्वरांनी लिहिला आणि खोतांनी त्यावर सही केली.

तीन आठवड्यांनी वैजयंती कासारखेडच्या पंपघरात आली. नवं बेअरिंग स्वतः घेऊन आली होती. आवळे ओल्या फडक्याने डबीचा डोळा पुसत होते. काचेच्या कडेला अजून तांबूस रेघ होती.

“राहू द्या तेवढी,” ती म्हणाली आणि उलट्या घातलेल्या बादलीवर बसली. “मामा, एक सांगायचंय. पेपरात येईलच. पलीकडच्या देशाने आणि आपण त्या सकाळच्या नोंदी एकमेकांना दाखवल्या.”

“मंग?”

“त्यांच्याकडेही नाडीसारखंच यंत्र आहे. आपले अकरा हजार पंप एका मिनिटात गप्प झाले, हे त्यालाही कळलं. त्याला वाटलं, आपण युद्धाआधी दारं-खिडक्या लावून घेतोय. म्हणून त्याने आपल्याला चाचपून पाहिलं. ते सत्तावन्न संदेश म्हणजे तेच चाचपणं. आपल्या नाडीने त्यालाच हल्ला मानलं.”

आवळ्यांचा हात थांबला. “आनि त्यांचं बटन?”

“त्यांच्याकडे चारच मिनिटं असतात. नऊ सेकंद उरले असताना कुणीतरी बटण दाबून त्यांचा प्रतिघात थांबवला. आपल्याला इकडे पहिली घंटा ऐकू आली, त्याच्याही आधी.”

“कुनी?”

“नाव दिलेलं नाही. बाई की पुरुष, तेही नाही. त्यांच्या यंत्राची खात्री नव्याण्णव टक्के होती, एवढंच लिहिलंय.”

बाहेर टाकीत पाणी पडत होतं. आवळ्यांनी फडकं पिळलं, खिळ्याला अडकवलं आणि डबीच्या तांबूस डोळ्याकडे बघत विचारलं,

“म्याडम, आपल्याला नवमी म्हाईत हुती. त्या मानसाला काय म्हाईत हुतं?”