नाक नसलेलं विमान

विमानाला नाक नव्हतं.

शनिवारी दुपारी तीन वाजता त्या विमानाच्या वैमानिकाची मुलगी भंगाराच्या आवारात आली आणि चौथ्या रांगेच्या टोकाशी जागच्या जागी थिजली. निवृत्त झालेली वीसेक लढाऊ विमानं तिथे उभी होती. कुणाची शेपटी गेलेली, कुणाचे पंख. ती तोडायलाच आणलेली, त्यामुळे त्यांचं कुणाला काही वाटत नव्हतं. पण हे एक वाचवायचं होतं, तेही कागदोपत्री, सही-शिक्क्यानिशी. आणि नेमकं याचंच कॉकपिट पुढच्या चाकासकट कापून नेलं होतं.

चार वाजता इन्स्पेक्टर बाई पोचल्या. नोकरीच्या सत्तावीस वर्षांत भंगाराची नासधूस झाल्याची तक्रार त्यांनी पहिल्यांदाच ऐकली होती. ठाण्यावर सगळे हसले होते. खरं सांगायचं तर बाईसुद्धा हसल्या होत्या. मुलीचा चेहरा पाहिल्यावर त्यांना त्या हसण्याची लाज वाटली.

त्यांनी आधी इथलं भंगार जिथे वितळतं त्या भट्टीला फोन लावला.

"पहिली गाडी एकला आली," पलीकडचा माणूस म्हणाला. "दोनला भट्टीत गेली. कसलं विमान न् कसलं काय मॅडम, आमच्याकडे सगळं सारखंच."

बाईंनी फोन ठेवला. मुद्देमाल वितळून दोन तास झाले होते. आता उरली होती ती फक्त माणसं, आणि माणसं काय सांगतात याचा बाईंना पुरेपूर अनुभव होता.

त्यांनी विमानाभोवती एक चक्कर मारली. विमान मागच्या दोन चाकांवर अगदी समतल उभं होतं. शेपटीखाली एक लाकडी घोडी लावलेली होती, आणि घोडी न् शेपटी यांच्यामध्ये गोणपाटाची चौपदरी घडी. बाईंनी ती घडी बोटांनी दाबून पाहिली आणि वहीत दोन ओळी लिहिल्या.

मग त्यांनी मुकादमाला बोलावलं.

"हे विमान ठेवायचंय, हे कुणाकुणाला माहीत होतं?"

"सगळ्यांना. मंगळवारी मी स्वतः नाकावर पांढरा गोल काढला. पांढरा गोल म्हणजे हात लावायचा नाही. पिवळी फुली म्हणजे तोडायचं."

"आज तुम्ही कुठे होता?"

"दाढ काढायला. सकाळी नऊला गेलो, दोनला आलो. हे बघा." मुकादमाने सुजलेला गाल पुढे केला. "विमानाचं नाक गेलं न् माझंही कापलं गेलं, मॅडम. आता वर काय तोंड दाखवू?"

"रंगाचे डबे कुठे असतात?"

"शेडमध्ये. कुलूप नसतं. रंग कोण चोरतंय?"

"बाकीच्या विमानांवरच्या फुल्या तुम्हीच काढता?"

"मीच. दोन फटकारे मारायचे की झालं. आपण काय चित्रकार थोडेच!"

ते खरंच होतं. शेजारच्या विमानावरच्या फुलीचे ओघळ पार चाकापर्यंत आले होते.

कटर पन्नाशीचा, सडपातळ माणूस होता. गॅसची बंदूक त्याने अजून हातातच धरली होती, आणि ती कुठे ठेवावी हेच त्याला सुचत नव्हतं.

"मॅडम, आईशप्पथ सांगतो, फुली होती."

"पांढरा गोल?"

"नव्हता. नाक लख्ख पुसलेलं होतं आणि वर पिवळी फुली. चांगली रेखीव होती. कडा अशा सरळ, जशी चिकटपट्टी लावून रंगवलेली. मला वाटलं, मुकादम आज मूडमध्ये दिसतायत."

"नंबर नाही पाहिला?"

"नंबर शेपटीवर असतो. आम्ही खूण बघतो, नंबर बघत नाही."

"तुम्ही तोडायला सुरुवात कुठून करता?"

"शेपटीकडून. नेहमीच. नाक आधी काढलं तर वजन मागे जातं आणि विमान ढुंगणावर आपटतं. मागे एकदा एकाचा पाय गेला तसा."

"मग आज नाक आधी का?"

कटर हळूच म्हणाला, "घोडी लावलेली होती ना. मी आलो तेव्हा सगळी तयारीच होती. म्हटलं, वरून हुकूम असेल, आधी नाक हवंय. आम्हाला कोण विचारतं, मॅडम? तयार करून ठेवलं की आम्ही कापतो."

"इथे घोडी कुणी वापरतं?"

"आम्ही? तोडायच्या मालाला आधार कशाला? पडलं तर पडलं."

बाईंनी मान डोलावली आणि त्याला जायला सांगितलं. तो गेला नाही. दहा पावलांवर जाऊन उभा राहिला.

वैमानिकाची मुलगी मुकादमाच्या खोलीत लोखंडी खुर्चीवर बसली होती. शाळेत गणित शिकवायची. बोलायचीही तशीच, पायरी-पायरीने.

"एकोणीस वर्षांपूर्वी बाबांनी हे विमान उतरवलं. आत धूर होता, तरी नीट उतरवलं. धावपट्टीवर थांबवलंसुद्धा. पण कॉकपिटचं काचेचं झाकण उघडलं नाही. आगीच्या बंबवाल्यांनी काच फोडेपर्यंत बाबा गेले होते."

"चौकशी झाली असेल."

"झाली. झाकण उडवायचं लाल हँडल जागच्या जागी होतं. त्यांनी लिहिलं, वैमानिक गोंधळला, हँडल ओढलंच नाही." तिने ओठ घट्ट मिटले. "बाबा गोंधळणारे नव्हते. ज्यांच्या हाताखाली ते शिकले, ते लोकसुद्धा आईला बघून रस्ता बदलायचे. भित्र्या माणसाची बायको म्हणून."

"आणि विमान जतन झाल्याने काय होणार होतं?"

"आधी ते चौकात खांबावर चढवणार होते. कॉकपिट कायमचं बंद करून. अर्ज मी केला, तो लिहून दिला पानाकाकांनी, ते इथेच कामाला असतात. बुधवारी संग्रहालयाचं पत्र आलं. ते म्हणाले, खांबावर नको, आम्ही आत ठेवू, झाकण दुरुस्त करू, लोकांना आत बसता येईल. सोमवारी त्यांचा तज्ज्ञ येऊन झाकणाची सगळी यंत्रणा उघडणार होता. हँडल ओढलं होतं की नव्हतं, ते तेव्हा कळलं असतं."

"हे पत्र कुणाला दाखवलंत?"

"पानाकाकांनाच. ते आमच्या घरचेच आहेत. माझ्या लग्नात बाबांच्या जागी तेच उभे होते."

बाईंनी वही मिटली.  कधीकधी उत्तर सापडतं आणि माणसाला वाटतं, सापडलं नसतं तर बरं झालं असतं. बाईंना अगदी तसंच वाटत होतं.

पानाकाका शेडमध्ये होते. खिशात कायम एखादा पाना, म्हणून ते नाव. विमानदलात मेकॅनिक होते, बारा वर्षं याच विमानावर. निवृत्तीनंतर इथे, वैमानिकाला बाहेर उडवणारी सीटखालची स्फोटकं काढून देण्याच्या कामाला. त्यांच्यासमोरच्या फळीवर अवजारं उंचीप्रमाणे ओळीने मांडलेली होती आणि प्रत्येकाखाली स्वच्छ फडकं.

"काका, आज सकाळी कुठे होता?"

"इथेच."

"चौथ्या रांगेकडे गेला होता?"

"गेलो असेन."

"चला माझ्याबरोबर."

विमानापाशी सगळे जमले. ऊन कलतं झालं होतं. बाई घोडीशेजारी उभ्या राहिल्या.

"मी आधी मुकादमांवर संशय घेतला," त्या म्हणाल्या. "पण त्यांना फुली रेखीव काढता येत नाही. दुसरं म्हणजे, चूक झाली असती तर नेहमीच्या रीतीने झाली असती. शेपटी आधी गेली असती, कॉकपिट शेवटी. दोनला मुकादम आल्यावर ते वाचलं असतं. इथे उलटं झालं. याचा अर्थ ज्याने हे केलं त्याला विमान नको होतं असं नाही. त्याला फक्त कॉकपिट नको होतं, आणि तेही सोमवारच्या आत."

बाईंनी वहीतल्या त्या दोन ओळींवर नजर टाकली.

"सोमवारी झाकण उघडणार हे या आवारात एकाच माणसाला माहीत होतं. तरी मी म्हटलं, पत्राची बातमी फुटू शकते. पण ही घोडी? हा गोणपाट?" बाईंनी घडीवर हात ठेवला. "विमान पडून कटरला लागू नये म्हणून घोडी लावली, हे एक वेळ समजलं. पण तोडायच्या विमानाच्या शेपटीला ओरखडा उठू नये म्हणून गोणपाट कोण घालतं? फुली काढताना चिकटपट्टी कोण लावतं? पांढरा गोल खरवडत न बसता थिनरने लख्ख कोण पुसतं? काका, तुम्हाला वाईट काम वाईट करता आलं नाही. हातच वळले नाहीत तुमचे."

पानाकाकांनी डोळे मिटले.

"काका?" मुलगी म्हणाली. तिचा आवाज लहान मुलीसारखा झाला होता.

"आयुष्यात एकच काम वाईट केलं मी," पानाकाका म्हणाले. "विमान जमिनीवर असताना झाकणाच्या दांडीत पिन घालतात. लाल फीत असते तिला. चुकून झाकण उडू नये म्हणून. उड्डाणाआधी सगळ्या पिना काढायच्या आणि हातात धरून वैमानिकाला दाखवायच्या. पाच पिना. तुझे बाबा रोज मोजायचे. त्या दिवशी घाई होती. मी मूठ वर केली. ते हसले, हात हलवला, मोजल्या नाहीत. मुठीत चारच होत्या."

"म्हणजे हँडल..."

"ओढलं होतं गं. पिनेमुळे दांडी अडकली. बाहेरची कडीही त्याच दांडीला. मी सगळ्यांत आधी पोचलो, कडीला लोंबकळलो. आत सीटच्या मागे, त्यांचा हात पोचणार नाही तिथे, ती लाल फीत दिसत होती मला. काचेच्या पलीकडे, एवढ्या अंतरावर." त्यांनी वीतभर हात दाखवला. "काच फुटल्यावर पहिला आत मी शिरलो. पिन काढली. हँडल मागे ढकललं. चौकशीत मीच लिहून दिलं की हँडल जागेवर होतं. पण दांडीवर पिनेचा खोल ओरखडा होता. तो मला पुसता आला नाही."

कटरने गॅसची बंदूक खाली ठेवली. मुकादम गालावर हात धरून दुसरीकडे बघत होता.

"हे लेखी द्याल?" मुलीने विचारलं.

"आत्ता देतो."

बाईंना बोलणं भाग होतं. "देतील ते. मी वरही पाठवेन. पण विमानदल पुरावा मागेल, आणि पुरावा वितळलाय. एकोणीस वर्षांपूर्वीची बंद फाइल एका म्हाताऱ्याच्या जबाबावर कुणी उघडणार नाही. नासधुशीसाठी मी यांना आत्ता घेऊन जाऊ शकते. त्या दुसऱ्या गोष्टीसाठी मला काहीच करता येत नाही. काहीच नाही."

इतक्या वर्षांत हे वाक्य बाईंनी कित्येकांना ऐकवलं होतं. ते कधी सोपं झालं नाही.

मुलगी पानाकाकांसमोर जाऊन उभी राहिली. "बाबा किती वेळ शुद्धीत होते?"

"नको विचारूस."

"काका, किती वेळ?"

"शेवटपर्यंत. दोन्ही हातांनी ओढत होते. माझ्याकडे बघत होते. मला काहीतरी सांगत होते, ते ऐकू आलं नाही."

तिने मान हलवली, एखादी पायरी बरोबर आल्यासारखी. तेवढ्यात तिचा फोन वाजला. तिने तो उचलला नाही. वाजून वाजून तो बंद झाला, पुन्हा वाजला.

"आई आहे," ती बाईंना म्हणाली. "लोक काहीही म्हणोत, ती एकाच गोष्टीवर जगलीये. हँडल ओढलं नाही म्हणजे धुराने आधीच शुद्ध गेली असणार. त्यांना काही कळलंच नसणार. रोज रात्री तेच म्हणून झोपते ती." फोन अजून वाजत होता. "मी काय सांगू तिला?"

 पानाकाकांनी तोंड हातांत लपवलं.

मुलीने फोन कानाला लावला.

"हां, आई," ती म्हणाली. "नाही गं. काही सापडलं नाही."